हातचा

सुव्रताच्या गणिताच्या वहीतलं पान फाडून
बाहुबलीनं त्यावर तीन रकाने आखले.
पुणे. बंगळूर. कोल्हापूर.
पट्टी सापडेना, म्हणून वीजबिलाची कड धरली,
त्यामुळं आमचा रकाना तिरका आलाय,
खाली जाईल तसा रुंद होत गेलेला.

पहिली ओळ पगाराची.
तिथं आमचं गाव लगेच हरलं.
उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न कोरणाऱ्या माणसाला
चाकणला तेच काम संगणकावर, पैसे दुप्पट,
आणि जेवताना हाताला फौंड्रीचा वास नाही.
घरभाड्यात त्यातला निम्मा गेला.
लिही की, म्हटलं.
लिहिलं त्यानं, पण बारीक अक्षरात.

मग पाणी.
पुण्याला टँकर, बंगळूरला टँकर.
आणि हितं?
हितं पाणी आपल्या पायानं घरात येतंय, मी म्हटलं.
एकोणीस साली फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत आलं होतं,
लिंबं तरंगत होती.
त्यानं रकान्यात 'भरपूर' असं लिहिलं.
दोघंही हसलो, मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.

हवेच्या ओळीवर उगाच फुशारलो.
मग आठवलं, गळीत सुरू झालं
की बावड्यात दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख पडते,
आणि पांढरा गणवेश मी दोनदा धुते.
कामावर जायला: इथं अकरा मिनिटं.
कट्ट्यावर दूध प्यायला थांबला तर पंचवीस.
बंगळूरचा त्याचा मित्र गाडीत बसूनच दाढी करतो म्हणे,
सिग्नलला एक गाल, पुढच्या सिग्नलला दुसरा.

शाळेच्या ओळीवर पेन थांबलं.

सुव्रताच्या दोन्ही कानांमागं यंत्रं आहेत.
बोलायला शिकवणाऱ्या बाई इथं महिन्यातून दोन शनिवार येतात,
एसटी चुकली तर एकच.
पुण्यात रोज. शाळेतच.
सात वर्षांची झाली, अजून स्वतःचं नाव 'उवता' सांगते.
त्यानं पुण्याखाली बरोबरची खूण केली,
इतकी दाबून की कागदाला भोक पडलं.

आता ही ओळ कुठं लिहायची, सांगा:
सर्जेराव गवळी तिला लांबूनच अंगठा दाखवून विचारतो,
अर्धा की पूर्ण? आणि ती बोटानं भाव करते.
मैदानावर पोरं फुटबॉल खेळतात तेव्हा
शिट्टी झाली की सगळी हात वर करतात,
तिला दिसावं म्हणून.
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
एकदा ती आजारी होती, मैदानावर नव्हतीच,
तरी शिट्टीला हात वर गेले. गॅलरीतून मी पाहिलं.

पण हात वर केल्यानं 'स' येत नाही.
म्हणून ही ओळ मी त्याला लिहू दिली नाही.

आण्णा कॉटवरून सगळं ऐकत होते.
दिवस मावळायच्या आत जेवण उरकून पडलेला माणूस.
म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नगासा.
थोड्या वेळानं कूस बदलून म्हणाले,
पर पोरगी बोलाय पायजे.
मग त्यांना झोप लागली,
किंवा लागल्यासारखं त्यांनी केलं.

चाकणवाल्यांना सोमवारी कळवायचं आहे.
बाहुबलीनं बेरीज केली नाही.
'पगार' आणि 'अकरा मिनिटं' यांची बेरीज
कुठल्या इयत्तेत शिकवतात कुणास ठाऊक.
त्यानं पान उलटं ठेवलं, दिवा घालवायला उठला,
तेव्हा मागची बाजू दिसली.
सुव्रताची वजाबाकी. बावन्नातून सत्तावीस.
उत्तर लिहिलंय पस्तीस,
आणि बाजूला वर्गाच्या बाईंनी लाल पेनानं
एकच शब्द लिहून सोडलाय:

हातचा?