आतली टीप

ऑगस्टात मोंतेरोसवर उसाची राख पडते.
वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पिसं येऊन बसतात,
झटकली तरी डाग, नाही झटकली तरी डाग.
म्हणून दोन्ही कापडं मी घरातच सुकवली,
हिरवं दोरीच्या या टोकाला,
आकाशी त्या.

हिरव्या रुमालांची ऑर्डर मालेनाची.
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नखं कुरतडते.
दोनशे नग, शनिवारची बस सुटायच्या आत.
आकाशी सेन्योरा एतेल्वीनाचे, चर्चच्या समितीकडून,
तीनशे, आणि भाव पाडून.
दोघींनीही विचारलं, तू कुणाच्या बाजूची?
मी म्हटलं, काठ एकेरी दुमडायचा की दुहेरी?

हसू नका.
शिवणारणीला एवढंच उत्तर परवडतं.

एतेल्वीना खुर्चीत बसून सांगते,
पहिल्या क्षणापासून जीव असतो,
जीवाला नाव असतं, देवाला ते आधीच ठाऊक.
मी दातांत टाचण्या धरून ऐकते.
सासष्ट साली माझा पाचव्या महिन्यात गेला.
तळहाताहून मोठा होता.
नखं होती.
तेव्हाच्या पाद्रींनी दारातूनच सांगितलं,
बाप्तिस्मा नाही तर नाव नाही,
नाव नाही तर दफनभूमीत जागा नाही.
नवऱ्याने संत्र्यांच्या खोक्यात ठेवून
त्याला मागे लिंबाखाली पुरलं.
मी त्याला काय हाक मारते
ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.
तेव्हा जो कुणीच नव्हता
तो आता पहिल्या क्षणापासून कुणीतरी आहे.
देवाचं मत बदललं
की नुसते पाद्री बदलले?
विचारलं नाही. तोंडात टाचण्या होत्या.

मालेना ओट्यावर बसते, पाय हलवत बोलते.
पेशींचा गोळा असतो हो आजी, बाकी काही नाही.
मी म्हणते, हं.
खिडकीबाहेर बघत नाही.
पण मग ती आवाज खाली आणते:
अजून येतात बायका, रात्रीच्या, तापाने फणफणलेल्या,
काय केलं ते सांगत नाहीत, पोलिसांच्या भीतीने.
तिथे माझा पाय मशीनवर थांबतो.

एर्मिंदा, माझी पाठची.
तीन पोरं पदरात, तोडणीचे दिवस, चौथं पोटात.
शेजारणीने पार्सलीचा देठ दिला,
परसातलीच, आम्ही सुपात घालायचो ती.
सातव्या दिवशी बैलगाडीतून दवाखान्यात नेली.
डॉक्टरने आधी विचारलं, कुणी केलं?
ताप नंतर मोजला.
त्याच पाद्रींनी तिच्यासाठी घंटा वाजवू दिली नाही.
तिची तिन्ही पोरं माझ्या चुलीवर वाढली.
धाकट्याला सुपात हिरवं काही चालायचं नाही.
का, ते त्याला अजून माहीत नाही.

बुधवारी रात्री आकाशी दोरा संपत आला.
दुकान बंद. रेडिओवर राजधानीतले पुरुष
एकामागून एक बोलत होते,
जो तो आपापल्या आईचं नाव घेत होता.
वरून पुरेल एवढाच आकाशी उरलेला.
शेवटच्या चाळीस रुमालांना
खाली बॉबिनवर हिरवा लावला.
बाहेरून काही दिसत नाही.
दिसू नये इतपत हात बसलाय माझा.

एतेल्वीनाने गठ्ठा सोडला,
नेमका त्यातलाच एक उचलला, उलटा केला.
अंगठा टिपेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला,
जसा जुन्या व्रणावरून नेतात.
मग घडी घालून पुन्हा मधोमध ठेवला.
पैसे मोजले,
ठरल्यापेक्षा वीस पेसो जास्त.
मी परत करायला हात पुढे केला,
तर ती दारात पोचलेली.
पाठ तशीच ठेवून म्हणाली,
एर्मिंदाचा धाकटा असतो कुठे आता?

मी म्हटलं, कारखान्यात.
धुराड्यावर.