मधल्या सुट्टीनंतरचा झाडू

साडेदहाला पोरांची मधली सुट्टी संपते
आणि माझं काम सुरू होतं.
सातपूरच्या या बालवाडीत
बावीस पोरं, एक बाई,
आणि मी, चंद्रकला पगारे, मदतनीस.
कुणी काय खाल्लं ते मला विचारा.
डबा खोटं बोलेल,
केर बोलत नाही.

खिडकीखाली लाल-पिवळी पुडकी,
वेफरची, मसाल्याच्या नळ्यांची,
आत खाऊपेक्षा हवाच जास्त.
चाटून झाली की पोरं ती फुगवतात,
फट्टकन फोडतात,
मग वारा नेतो त्यांना
जाळीतून पलीकडे, नासर्डीच्या पात्रात.
मागे पुलाखाली पाणी तुंबलं
तेव्हा बघायला गेले होते.
आमची अख्खी बालवाडी तिथं अडकलेली.
खाऊ संपलेला तीन मिनिटांत,
कागदाचा रंगसुद्धा उडालेला नाही.

ईश्वरी आहेरच्या जागेवर मात्र
झाडू नुसता हात फिरवल्यासारखा जातो.
उकडलेलं रताळं, सालीसकट.
पेरू, देठापर्यंत.
शिळ्या भाकरीचा गूळ लावून वळलेला मुटका.
फुटाणे, मूठभर. तिची मूठ, माझी नव्हे.
संक्रांतीच्या सुमाराला बोरं,
बिया तिच्याच खिशात, मोजून.
आणि द्राक्षं उतरली की मनुके,
माडसांगवीच्या आत्यानं गच्चीवर वाळवलेले,
काळे, सुरकुतलेले,
एखाद्याला काडी तशीच.
पिशवी बापाच्या शर्टाच्या बाहीची.
कफाचं बटण जागेवर आहे,
तेच लावायचं, तेच काढायचं.
तिला ते अजून नीट जमत नाही,
जीभ बाहेर काढून लावते.

पालकसभेत बाई म्हणाल्या,
बघा, खाऊ असा असावा.
टाळ्या झाल्या.
बाप आपल्या चपलेकडे बघत राहिला.
फाटकाशी मला म्हणाला,
"मावशी, कसलं काय!
सहाला सुटते माझी रात्रपाळी,
तेव्हा दुकानांची शटरं खालीच असतात.
हिची आई गेलेली असते पहिल्या बसनं.
डब्यांत हात घालतो,
लागेल ते भरतो.
दुकान उघडं असतं
तर मीही पाच रुपयांचं पुडकंच घेतलं असतं."
मी काय बोलणार?
वाजलेल्या टाळ्या काही परत घेता येत नाहीत.
पण एवढं म्हटलं,
"बाही तर तुम्हीच शिवली ना?"
"हो," म्हणाला, "ड्युटीवर. रात्र मोठी असते."

शुक्रवारी त्याला सुट्टी होती.
ईश्वरी आली ती चमचमतं पुडकं छातीशी धरून,
जणू पदकच.
सगळ्यांना दाखवलं, सगळ्यांना वाटलं,
वाट्याला एकेक आलं, तिला अर्धं.
आणि सुफियान रडायला लागला,
"आज मनुके का नाही आणले?"
रोज दोन त्याचे ठरलेले असायचे,
हे मला केरातून कळलं नव्हतं.
पुडकं मात्र खिडकीखाली नाही पडलं.
तिनं ते मांडीवर सरळ केलं,
चार घड्या घातल्या,
बाहीत सरकवलं,
जीभ काढून बटण लावलं.
"बाबांना देते," म्हणाली,
"उद्या परत भरायला."

सोमवारी पुन्हा मनुके.
बाहीत घडीचा कागद तसाच होता,
सोमवारीही, मंगळवारीही.
त्याला काय सांगितलं तिनं,
आणि तो हसला की नाही,
मला माहीत नाही.

आज भिंतीच्या कडेला एक मनुका सापडला.
झाडू टेकवणार, तर बघते,
मुंग्या आधीच पोचलेल्या,
एक रांग, ओढत, थांबत,
फरशीच्या फटीकडे.
मी झाडू उचलला
आणि तेवढी कड सोडून
बाकीची खोली झाडली.