पंतप्रधानाचं बटण

बामणोलीहून लाँच सुटली तेव्हा
मशीनची पेटी माझ्या मांडीवर होती,
कडी गुडघ्याला रुतत होती.
मे महिना. शिवसागर खाली गेलेला,
जुन्या वावरांचे बांध उघडे पडलेले.
मी पाटबंधारे खात्यात लेखनिक.
हे पाणी आमच्या रजिस्टरात टीएमसीत असतं.
बांधांसाठी रकाना नाही.

उंबरघरच्या यादीत एक्केचाळीस नावं.
सहा वारलेली, कापायची राहिलेली.
सोळा कोपरखैरण्यात, माथाडीत.
उरले एकोणीस.
त्यांच्यासाठी आम्ही पाच माणसं, एक पोलीस,
सीलबंद पाकिटं, मेण, सुतळी,
आणि केंद्राध्यक्ष बोंद्रेसरांची बीपीची गोळी.

पहाटे साडेपाचला पन्नास खोटी मतं टाकली,
मोजली, पुसली.
दोन एजंट साक्षीला: उत्तम सपकाळ,
आणि त्याचाच मेव्हणा, दगडू संकपाळ.
मागच्या खेपेला दोघं एकाच बाकावर,
एकाच बिल्ल्याचे.
मधल्या काळात वर कुठंतरी पक्ष फाटला,
त्याची चीर वर्गातल्या दोन बाकांमधून गेली.
डबा मात्र एकच, दगडूच्या बहिणीनं दिलेला.
चटणी उत्तमच्या बाजूला, भाकरी दगडूच्या.

दहाच्या सुमाराला ठकूबाई शेलार आल्या.
बोट पुढं केलं, शाई घेतली,
कप्प्याकडं जाता जाता थांबल्या.
'ह्यात पंतप्रधानाचं बटण कंचं?'

बोंद्रेसर नियमाच्या आवाजात म्हणाले,
'आजी, इथं फक्त खासदार.'
'आन् मग त्यो?'
'त्याला हे खासदार निवडतात. तिकडं दिल्लीत.
पाचशे त्रेचाळीस जमतात,
ज्याच्या मागं दोनशे बहात्तर, त्याचं सरकार.'

ठकूबाईंनी मनात काहीतरी मोजलं.
'म्हंजे वाडीवाडीचा एकेक गडी गावकीला धाडायचा,
आन् गावकीनं पुढारी ठरवायचा.'
'तसंच.'
'आन् म्या धाडलेला गडी
मला न इचारता दुसऱ्याच्या घोंगडीवर बसला तर?'

सर मतदार यादीत काहीतरी शोधू लागले.
उत्तम खिडकीतून पाण्याकडं बघत राहिला.
दगडूनं बिल्ला सरळ केला,
तो सरळच होता.

मला उत्तर येत होतं, थोडंसं.
त्यासाठी कायदा आहे, त्याला कलमं आहेत,
कलमांना पळवाटा आहेत,
एक अध्यक्ष असतो, तो निकाल देतो,
कधी देतो ते कलमात नाही.
पण मी मतदान अधिकारी क्रमांक दोन.
माझं काम शाईचं.

मग कप्प्यातून लांब शिट्टी आली.
सात सेकंद काचेमागं चिठ्ठी दिसते
आणि पेटीत पडते.
ठकूबाई त्यानंतरही बराच वेळ आत होत्या.
आजी, झालं, असं कुणीच म्हणालं नाही.

सहा वाजता क्लोज दाबलं.
सतरा.
दोघा एजंटांना तोच आकडा, तोच नमुना, त्याच सह्या.
उताराला पेटी दगडूनं धरली,
चिखलातून लाँचपर्यंत दोघं मिळून.
काठावर ठकूबाई शेरडं घेऊन उभ्या.
ओरडून म्हणाल्या,
'पुढल्या टायमाला त्ये बटण घेऊन या!'
लाँचवाला हसला. मीही.

निकालाच्या दिवशी साताऱ्याच्या ऑफिसात
कॅन्टीनच्या टीव्हीवर आडवी पट्टी सरकत होती,
दोनशे बहात्तरच्या रेघेकडं.
कोण कुणाला पाठिंब्याचं पत्र देणार,
कुठल्या हॉटेलात कोण,
चहावाल्यालाही पाठ झालेलं.
पट्टीत माझा उंबरघर होता,
पण नखाएवढाही दिसत नव्हता.

पुढं केंद्रनिहाय तक्ता आला.
आमच्या ओळीत नऊ, सात,
आणि शेवटच्या रकान्यात एक:
वरीलपैकी कोणी नाही.
नऊ कुणाचे, सात कुणाचे,
सतरा माणसांच्या गावात अंदाज सोपा असतो.
त्या एकावर माझं बोट मात्र थांबलं.
नखाच्या मुळाशी शाई अजून होती,
माझ्याच बाटलीतली.

मी तक्ता मिटला.
शोधायचं नसतं.