मार्फत

मालमत्ता कराच्या बिलाखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं:
हा कर भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही.
दर वर्षी चष्मा लावून मी ते वाचते
आणि दर वर्षी भरते.

आरेत, उंबरपाड्याला,
तबेल्याच्या शेणखड्ड्यामागून वर चढलं
की तिसरं घर माझं.
म्हणजे पत्रा माझा, कुडाच्या जागी घातलेल्या विटा माझ्या,
मीटरवर नाव माझं.
खालची माती सोमी धिंडाची.
एकतीस वर्षांत आम्ही दोघी हे कधी बोललो नाही,
जसं कुणी बोलत नाही की उजवा हात उजवा आहे.

हे तेव्हा डेअरीत दूध मोजायला होते.
सोमीच्या नवऱ्याने भाताच्या खाचराकडेची
सुकी पट्टी दाखवली, म्हणाला, रहा.
किती दिवस, ते त्याने सांगितलं नाही.
ह्यांनी विचारलं नाही.

एकदा धाकट्या दिराने स्टॅम्पपेपर आणला.
"अंगठाच तर घ्यायचाय, वहिनी.
आदिवासीची जमीन आपल्या नावावर होत नाही म्हणतात,
पण डोंगरावर चढून बघायला येतंय कोण?"
सोमी तेव्हा माझ्याच ओट्यावर
माझ्या पोरीच्या डोक्यातल्या उवा मारत होती.
मी दिराला चहा दिला.
तो कागद चुलीत घातला असं मी सगळ्यांना सांगते.
खरं तर दोन वर्षं
तो पिठाच्या डब्याखाली होता.

यंदा सर्व्हेवाला आला, मांडीवर टॅब घेऊन.
आदिवासी. बिगर आदिवासी. पुरावा.
माझ्याकडे फाइल होती:
करपावत्या, विजेची बिलं,
एका वर्षाची कड उंदराने खाल्लेली.
सोमीकडे आजेसासऱ्याने लावलेली चिंच होती
आणि उताराला शेंदूर फासलेला वाघोबा.
तिला कर कधी लागलाच नाही.
तिचं घर पहिल्या बिलाच्याही आधीचं.

"मावशी, तुमचं बसतंय," तो म्हणाला.
"ह्यांचं अवघड आहे. कागदच नाही काही."

बसतंय.
पाहुणीला पाट मांडलेला
आणि घरची बाई दारात उभी,
पदराला हात पुसत.

मी एक बिल काढून त्याच्यापुढे धरलं.
इंदुमती शेलार,
खालच्या ओळीत: मार्फत सोमी धिंडा.
पहिल्या वेळच्या कारकुनाने विचारलं होतं, जागा कुणाची?
ह्यांनी खरं ते सांगून टाकलं,
मोठेपणा म्हणून नव्हे; दुधाची गाडी सुटायची होती.
तेव्हापासून तिचं नाव छापून येतंय,
तिला न विचारता,
माझ्या नावाखाली, जिथे ते वर हवं होतं.

"मार्फत म्हणजे पुरावा नव्हे," तो म्हणाला,
तरी फोटो काढला. दोनदा.
पहिला हलला होता.

तो गेल्यावर मी फाइलची नाडी बांधत बसले.
घर मिळालंच खालच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर,
तर तिथे मी कुणाच्या मार्फत राहणार,
याचं उत्तर फाइलमध्ये नव्हतं.

संध्याकाळी सोमी आली, वाघबारशीची वर्गणी घ्यायला.
घरटी शंभर रुपये, एक नारळ.
बाहेरून आलेल्यांना जास्त नाही, कमी नाही.
हा कर मी कधी थकवला नाही.
पावती मागितली ती एकदाच, पहिल्या वर्षी,
ह्यांच्या हिशेबाच्या वहीसाठी.
"पावती?" ती तेव्हा हसली होती.
"वाघ वाचतो काय गो?"

या खेपेला नोट तिने न मोजता कनवटीला खोचली.
नारळ मात्र कानाशी धरून हलवला.
पाणी कमी आहे, म्हणाली.
दुसरा दे.