ती नाव

चौथीत व्याकरणाच्या पेपरात मी लिहिलं होतं:
नाव – स्त्रीलिंग.
गुर्जरबाईंनी लाल शाईने काट मारली,
शेजारी ‘ते’ लिहिलं, अर्धा गुण कापला.
त्या अर्ध्या गुणाचं भांडण
मी अजून कुणाशी तरी भांडतो आहे.

बडोद्याला समुद्र नाही.
नदी आहे, तर तिच्यात मगरी.
आमच्या दांडिया बाजारात नांगर म्हटलं
की सगळ्यांना शेतच दिसतं.
मग हे खूळ आलं कुठून, बायको विचारायची.
तिला एकदाच सांगितलं होतं:
चांदोदला आजोबांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा
सगळे पाण्याकडे बघत होते,
मी पायाखाली.
दोन फळ्यांच्या फटीत ठासलेला कापूस.
एवढासा कापूस
आणि एवढी मोठी नर्मदा.

रेल्वेत अडतीस वर्षं वाघिणींचे नकाशे काढले.
समासात, पेन्सिलीने, खोडता येईल इतपत
होड्या.

आता प्रतापनगरला, बंद पडलेल्या बॉबिनच्या कारखान्यात
दर रविवारी सात वाजता आम्ही अकरा जण.
शिकवायला चांदोदचे अंबूभाई माछी,
ज्यांच्या घाटावर आता फायबरच्या बोटी फिरतात.
माझा नकाशा त्यांनी नीट पाहिला,
घडी घातली, खिशात ठेवला
आणि एक डोळा मिटून फळी उचलली.

रुखसाना वोरा, बँकेतल्या कॅशियर,
खिळे मोजून देतात, मोजून परत घेतात.
नारसिंग राठवा सागाला टिचकी मारून
आत गाठ कुठे आहे ते सांगतो.
आठवीतला हेत दिवा धरतो
आणि फार प्रश्न विचारतो.
फळी वाकवायची तर एका अंगाला आग,
दुसऱ्या अंगाला ओलं पोतं,
आणि मधे सहा माणसं, श्वास रोखून.
एक मोडली. त्या रविवारी
कुणी चहाला थांबलं नाही.

कापूस कमी पडला तेव्हा
मी घरून एक गादी आणली.
दोनांतली एक. वापरात नव्हती.
मकरपुऱ्याच्या पिंजाऱ्याने पिंजून दिली.
अंबूभाईंनी तिच्या वाती वळल्या,
तेलात भिजवल्या, काही विचारलं नाही.
छिन्नीने फटीत वात ठासायची,
मोगरीचा आवाज बदलेपर्यंत.
बदलला की हाताला कळतं.
कानाला नंतर.

चौदा महिन्यांनी ट्रकवर चढवून
टिंबीच्या तळ्यावर नेली.
हेतने नारळ धरलेला.
अंबूभाईंनी तिच्यात एकेक करून
सव्वीस दगड ठेवले
आणि आमच्या देखत बुडवली.

हेत रडायलाच लागला.
‘पीवा दो एने,’ अंबूभाई म्हणाले.
पिऊ दे तिला.
उन्हाळाभर सुकलंय लाकूड. पाणी पिऊन फुगेल,
फटी आपण होऊन मिटतील.
आपण फक्त बसायचं.

बसलोय.
रुखसानाबेनने डबा उघडला, थेपले.
नारसिंग मगरीवर लक्ष ठेवून आहे;
मगर, बहुतेक, आमच्यावर.
पाण्याबाहेर नाळेचं टोक तेवढं, वीतभर.
त्यावर एक खंड्या येऊन बसला, उडाला, परत बसला.
मी मनात वाती मोजतो,
कुठली कुठे गेली ते आठवतं.

रंगाचा डबा हेतच्या मांडीवर.
काय लिहायचं, त्याने तिसऱ्यांदा विचारलंय.
अकरा जणांची अकरा नावं झाली,
मी अजून काही बोललेलो नाही.
ब्रश कोरडा आहे.
उद्या दुपारी दगड काढायचे.