काकपद

दाखल-खारीज रजिस्टर, सन एकोणीसशे चौसष्ट.
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
एकतीस नंबरवर गोविंदा तुकडू कापगते,
बत्तीसवर मोतीराम,
आणि दोघांच्या मधल्या, ओळच नसलेल्या जागेत
हिरव्या शाईचं एक काकपद.
त्याच्या टोकावर, मुंगीएवढ्या अक्षरांत :
फुलवंता सोमा टेंभुर्णे.

हे चिन्ह मी शिकवते कधीमधी.
पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह सगळी आटोपल्यावर
ते येतं, आणि परीक्षेला येत नाही
म्हणून पोरं तोवर दप्तर भरतात.
लिहिताना शब्द राहून गेला
तर दोन शब्दांच्या पायाशी हे काढायचं,
राहिलेलं वर लिहायचं.
कुणी त्याला हंसपद म्हणतं.
आमच्या बोडीवर हंस कुठले!
कावळे आहेत. गाळात त्यांचा पाय
सकाळी सकाळी दाखवता येतो.

फुलवंताबाई समोर बसल्यात, स्टुलावर, अर्ध्याच.
निराधारच्या पैशाला वयाचा दाखला लागतो.
मी त पायरीवर बसो, म्हणतात, बकऱ्या धरून.
आतल्या पोरायले पाढा नाही आला
का बाहेरून मीच सांगो.
एक दिवस रहांगडाले गुरुजी उठले
न् माह्या बकऱ्या जांभळीले बांधल्या.

कॉम्प्युटर विचारतो : दाखल क्रमांक?
एकतीस टाकला की गोविंदा येतो,
बत्तीस टाकला की मोतीराम.
साडेएकतीस तो घेत नाही.
सहाच्या डोक्यावर ती खूण आहे खरी,
शिफ्ट धरून दाबली,
तर लाल अक्षरांत : फक्त अंक भरा.

रजिस्टर फिरवून मी त्यांच्यापुढे धरलं.
अजून वाचतात त्या, बोट ठेवत ठेवत.
बोट नावाच्या खाली येऊन थांबलं.
हे काय होय, मॅडम?
काकपद. राहून गेलेलं भरायचं चिन्ह.
त्या हसल्या.
मंग सरळ म्हना ना, गुरुजीनं खाडा भरला.
रोवना झाल्यावर आठ-दहा दिवसानं
आमी बाया दुसरं काय करतो?
मेलं असंल तिथं चिखल फाकवाचा, असा,
आणि टेबलावर त्यांनी दोन बोटं टेकवली,
शेंडे खाली, मधे फट.

दाखला मी हातानंच लिहिला.
क्रमांकाच्या रकान्यात एकतीस,
पुढे त्यांच्या बोटांची ती खूण.
शिक्का जरा बाजूला मारला,
जागा सोडून.