मुद्रितशोधन

नाना पेठेतल्या छापखान्यात बत्तीस वर्षं
मी लोकांची भाषा तपासली.
लग्नपत्रिका, औषधांची वेष्टनं, मंडळीचा वार्षिक अहवाल.
अजूनही भिंतीवर 'दुध मिळेल' दिसलं
की बोटं लाल पेन शोधतात.

अनुग्रहाला माती देऊन चार दिवस झाले होते
तेव्हा ते तिघं आले.
शांतवन रणभिसे, मंडळीचे वडील,
बशीत थेंब न सांडता म्हणाले,
"देवाला आपल्या बागेत चांगलंच फूल लागतं."
एस्तेरबाई म्हणाल्या,
"घरात काही कबूल करायचं राहिलंय का, आठवून बघ."
धाकट्या योनाथानने डोळे मिटून सांगितलं,
उपास तीन दिवसांचा नव्हे, सातांचा हवा होता.

वाक्यं निर्दोष होती.
कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी.
कर्ता देव. कर्म माझी मुलगी.
मी बिस्किटांची ताटली पुढे केली.

त्या रात्री भांडी घासताना
मी त्याच्याशी जे बोलले
ते कुठल्याच अहवालात छापता येणार नाही.
तेवीस वर्षांची होती, म्हटलं.
एक डास, म्हटलं. एक डास तुला आवरला नाही?
त्याला 'तू' तर सगळेच म्हणतात,
मी 'अरे' म्हटलं.
अर्धी वाक्यं क्रियापदाविनाच
नळाखाली वाहून गेली.

मग घाबरले.
रविवारी शेवटच्या बाकावर बसले
आणि प्रभुभोजनाला उठले नाही.

कितीतरी महिन्यांनी
पॉवर हाऊसच्या थांब्यावर बस येत नव्हती,
शेजारचा माणूस शेंगा सोलत होता,
आणि अचानक ध्यानात आलं:
ते तिघं त्याच्याविषयी बोलत होते,
तो खोलीत नसल्यासारखे.
त्याला हाक मारली होती
ती फक्त मी.

ऑक्टोबरात रणभिसेंच्या सुनेचा फोन.
झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.
पाळक आले की भिंतीकडे तोंड करतात.
काल पाटीवर डाव्या हाताने
तुमचं नाव लिहिलं.

दोन दिवस गेले नाही.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
बागेतलं फूल, पुटपुटले, आणि भाजी चिरली.
भाजी खारट झाली. कुणी बोललं नाही,
बोलायला घरात कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी हडपसरची बस पकडली.
पाटी अजून उशाशी होती. 'रुथ'.
ऱ्हस्व.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
चूक तशीच सोडली.

मंडळीत त्यांची प्रार्थना वीस मिनिटं चालायची,
मुलं पाय हलवायची, पंखे कुरकुरायचे.
आता ओठाच्या कोपऱ्यातून लाळ.
मी ती पदरानं टिपली, मग डोळे मिटले.

प्रभू, म्हटलं, हे शांतवन.
यांना घास नीट गिळता येऊ दे.
यांच्या बायकोला रात्री सलग दोन तास झोप दे.
हे का झालं, ते मला ठाऊक नाही,
आणि मी यांना सांगणारही नाही.
हे माझ्या दारी आले होते,
चार जिने चढून, दम लागलेले.
ते तेव्हा मी पाहिलं नाही.
क्षमेचं म्हणशील तर अर्धी झाली आहे.
उरलेली तू बघ.
येशूच्या नावाने मागते.

आमेनच्या जागी त्यांचं तोंड वाकडं उघडलं,
"पाणी."
सून पेला घेऊन धावली.
त्यांनी मान हलवली, नको.
डोळे माझ्यावर. पुन्हा, "पाणी."
एवढा एकच शब्द उरलाय, सून म्हणाली,
सगळ्यालाच तो लावतात.

छापखान्यात एक खूण असते.
चुकीचा समजून खोडलेला शब्द
बरोबरच होता असं कळलं
तर त्याच्याखाली टिंबं द्यायची.
म्हणजे, आहे तसं राहू द्या.

त्यांच्या पांघरुणावर
मी बोटानं दिली.
तीन. मग आणखी एक.